खुद आम्ही, कास्त कवडूची!

मालगुजारी गेली, गाव गेलं, गावचा तलावसुद्धा सरकारजमा झाला. पण चंपतरावांची ऐट काही सरकारला जमा करून घेता आली नाही! एक्कावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या घरी ते मिशांना पीळ देत बसले होते. मौद्याकडचं विहिरीचं काळं वावर तेवढं वाचण्याजोगं होतं. मालगुजार स्वतः कसत असेल ती जमीन 'खुदकाश्त', आणि ती त्याच्याकडेच राहणार, असं कायद्यात होतं. आता ते वावर कसायचा गावातला कवडू. चंपतरावांनी बैल पाहिला होता तो फक्त पोळ्याला सजवलेला!

"कचेरीत सायबानं खुदकाश्त का म्हनून इचारलं त् नुसतं 'हो' म्हना अन् चूप बसा," त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी बजावलं.

"मले शिकवून राहिली का वं? आमच्या आज्याले फारसी येत होती!"

नातवाच्या वाट्याला त्यातलं 'खुद' एवढंच आलं होतं. पण डौल अख्ख्या भाषेचा!

कचेरीतला साहेब भला निघाला. मान वर न करताच त्याने विचारलं, "वावर खुदकाश्त ना?"

"हो!"

इथे तोंड मिटलं असतं तर वावर वाचलं असतं. पण मिटेल ते चंपतरावांचं तोंड कसलं!

"म्हंजे काय, थे सांगतो! खुद म्हंजे आम्ही खुद्द. कास्त म्हंजे कास्तकाराची मेहनत. दोन शब्द, दोन मानसं! खुद आम्ही, कास्त कवडूची!"

साहेबाचा टाक थांबला. "अहो मालगुजारसाहेब, खुदकाश्त म्हणजे स्वतः केलेली शेती."

"हे कोनी शिकवलं तुमाले? खुद्द मानूस कधी चिखलात उतरते का?"

साक्षीला आणलेला कवडू घाबरून उठला. "मालकच करते जी शेती. मी त् त्यायचा गडी आहो."

"बरं, गडी लावून कसता, असं लिहितो," साहेबाने सुटकेचा निःश्वास टाकला. तेही चाललं असतं.

"गडी काहून म्हनतं गा?" चंपतराव कवडूवरच खेकसले. "गड्याले पगार द्या लागते! सायेब, हा आपल्या बैलानं वाहते, आपलं बी पेरते, अन् अर्धं पीक आमच्या घरी आनून टाकते. याले म्हंते खुद्द मालक!"

"अहो, मग तर कवडू कूळ ठरतो! हे असंच लिहू?" साहेबाने कळवळून विचारलं.

"अक्षरन् अक्षर लिहा!"

संध्याकाळी स्वारी घरी आली ती छाती फुगवून.

"सायबानं माही व्याख्या जशीच्या तशी उतरवून घेतली वं!"

"अन् वावर?"

"थे कवडूच्या नावानं चढवलं," चंपतराव जोडे काढत म्हणाले, "पन अर्थ आपलाच धरला!"