पोरीला जहाजावर जेवायला नेलं त्याची गोष्ट

पोरीला जेवायला न्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. माणसं घर बांधताना चुकतात, सोयरीक जोडताना चुकतात. मी पोरीला जेवायला नेण्यात चुकलो, आणि अजून ठरत नाही की चूक नेण्यात होती की दुसरीकडेच कुठंतरी.

मी इंद्रजीत. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात चेकर आहे. चेकरनं ट्यूबलाइटखाली दिवसभर उभं राहायचं, टॉवेल-नॅपकिन उलटेपालटे करायचे, तुटलेली तार, म्हणजे धागा, नि वाकडी किनार बोटानं हुडकायची, आणि चांगला माल पास, वाईट माल सेकंड असं ठरवायचं. पास केलेल्या नगाच्या कोपऱ्यात चेकरच्या नंबरची नखाएवढी पट्टी शिवतात. माझा नंबर सात. चौदा वर्षं मी उभाच आहे. पायाच्या शिरा अशा वर आल्यात की डॉक्टरांनी नर्सलाही बोलावून दाखवल्या.

तर मालकांनी 'क्वालिटी मॅनेजर' अशी नवी जागा काढली. मला त्यातलं मॅनेजर नको होतं. मला त्यातली खुर्ची हवी होती.

मालक म्हणाले, "इंद्रजीत, मुंबईहून जहाज सुटतंय. तीन दिवसांची क्रूझ. त्या कंपनीच्या परचेस मॅडम आपल्याला जहाजावर जेवायला घालणार आहेत. सगळ्या जहाजांच्या टॉवेल-नॅपकिनची ऑर्डर आहे. मालाबद्दल काही विचारलं तर तुम्ही बोलायचं. ऑर्डर आली की खुर्ची तुमची. फॅमिलीला आणा, मॅडमना फॅमिली आवडते."

जहाजावर तीन-चार जेवणघरं. त्यातलं हे सगळ्यात भारी. तिथं दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, असा नियम. मॅडमनी आमच्यापुरता तो सैल केला होता, पण मला नियम मनापासून पटला होता. जिथं माणसं कुजबुजत जेवतात तिथं लहान मुलाचं काय काम? आमची पोरगी अपेक्षा पाच वर्षांची. तिनं घरात पापड मोडला तरी शेजारी दार उघडून बघतात. शिवाय जहाजावर मुलांना सांभाळायची वेगळी खोली होती. तिथं तिला ठेवू, असं मी जाहीर केलं.

"पोरगी न्हाय तर मीबी न्हाय," रुपाली म्हणाली. रुपाली माझी बायको. माहेर करकंबचं, आणि जीभही तिथलीच.

"अगं, तिथं मोठमोठी माणसं असतात."

"असू देत की. ल्हानपणी तीबी सांडत-लवंडतच जेवली असतील."

"माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे!"

"मग पोरीच्या आधी तुमाला शिकवते. आमटीचे भुरके कोण मारतंय, ती का तुमी?"

(मी भुरके मारतो, हे खरं आहे. पण त्यात आमटीचाही दोष असतो.)

शेवटी तह झाला: पोरीला न्यायचं, पण शिकवून न्यायचं. मी आठ दिवस शिकवणी घेतली. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि सरावाला ज्वारीची कडक भाकरी. सुरी लावली की भाकरीचा तुकडा थेट टीव्हीपर्यंत जायचा. माझी आई, गोजरबाई, कोपऱ्यात बसून बघायची. एक दिवस न राहवून म्हणाली, "भाकरीला सुरी का दाखवायलायस रं? तिनं काय गुन्हा केलाय?"

माझा मुख्य नियम मात्र बोलण्याबद्दल होता. "अपेक्षा, तिथं मध्ये बोलायचं नाही. बोलायचं असलं तर एक बोट वर करायचं. बाबांनी मान हलवली तरच बोलायचं." अपेक्षानं हे इतकं मनावर घेतलं की ती बाथरूममध्ये जातानाही बोट वर करायला लागली.

जहाजावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला आम्ही त्या जेवणघरात गेलो. आत अंधार. मला वाटलं लाइट गेली. पण नाही, भारी ठिकाणी अंधार मुद्दाम करतात. टेबलावर एकच मेणबत्ती. वेटरनं माझी खुर्ची मागं ओढली. मला वाटलं, तो ती घेऊनच चाललाय. मी घट्ट धरली. थोडा वेळ तो आपल्याकडे ओढत होता, मी माझ्याकडे. (चौदा वर्षं उभ्या माणसाच्या हातून कुणी खुर्ची काढून बघावी.) अपेक्षा तोवर व्यवस्थित बसून, रुमाल मांडीवर पसरून तयार होती.

शेजारच्या टेबलावरच्या सूटवाल्या गृहस्थांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू टेबलाच्या पायाला कुणी शेळी आणून बांधलीय. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त भीती वाटली. मी तिच्या कानात पुटपुटलो, "बोट लक्षात आहे ना?"

परचेस मॅडम पुण्याच्या होत्या. अपेक्षाला त्यांनी नाव विचारलं. अपेक्षानं बोट वर केलं, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मग तिनं नाव सांगितलं. मॅडम खूश. मालक खूश. मला खुर्चीची गादीसुद्धा दिसायला लागली.

मग वेटरनं प्रत्येकापुढं गरम वाफेवरचा, गुंडाळी केलेला नॅपकिन ठेवला. हात पुसायला. सगळ्यांनी हात पुसले. मी उलगडला.

आता यात माझा दोष नाही. चौदा वर्षं हातात कापड आलं की बोटं आपोआप किनारीवरून फिरतात. अंधारातही फिरली. एके ठिकाणी तार तुटलेली. दुसऱ्या ठिकाणीही. किनार तर अशी वाकडी, की विणणारा शिंकला असावा. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्याचा माल! याला पाडलं की आपली ऑर्डर पक्की!

"मॅडम," मी घसा साफ करून म्हणालो, "राग मानू नका. पण हा माल सेकंड आहे."

टेबलाखालून मालकांनी मला लाथ मारली. शाबासकी म्हणून, असं मला वाटलं.

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे फसवणूक आहे. हे बघा, इथं हात लावा. तार तुटलीय. असल्या नॅपकिननं आमच्याकडे सायकलची चेनसुद्धा पुसत नाहीत."

दुसरी लाथ. जास्त जोरात. मी आणखी फुललो.

अपेक्षानं बोट वर केलं. मी मान हलवली नाही.

"कारखानदाराला मी दोष देणार नाही," मी म्हणालो (उदारपणा दाखवायला), "पण ज्या चेकरनं हे पास केलंय ना, त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं पाहिजे. असा माणूस धंद्याला कीड आहे. त्याला चपराशी म्हणूनही ठेवू नये."

अपेक्षाचं बोट अजून वरच होतं. आता ती खुर्चीत उभी राहायच्या बेतात होती. सूटवाले गृहस्थ वळून बघत होते. मी डोळे वटारले.

"अहो, बोलू द्या की तिला," मॅडम हसून म्हणाल्या. "बोल बाळ."

अपेक्षानं आपला नॅपकिन मेणबत्तीजवळ धरला आणि कोपऱ्यातली नखाएवढी पट्टी दाखवली. नुकतीच आकडे शिकलेली. तोंडभर हसत म्हणाली, "हा सात आहे! माझ्या बाबांचा नंबर! हे माझ्या बाबांनी केलंय!"

आणि तिनं टाळ्या वाजवल्या. त्या अख्ख्या जेवणघरात त्या संध्याकाळी मनापासून आनंद झालेलं तेवढं एकच माणूस होतं.

मॅडमनी पट्टी बघितली. मग मालकांकडे बघितलं. "हे तुम्हीच पाठवलेलं सॅम्पल. म्हटलं, आज तुम्हाला टेबलावर लावून दाखवू."

"मलाही यांना सरप्राइज द्यायचं होतं," मालक कसंबसं म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पास केलंत?"

आता मला सगळं आठवलं. दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. मी घरी जेवत होतो, हात खरकटा, म्हणून फोन स्पीकरवर लावलेला. मालक ओरडत होते, "इंद्रजीत, लगेच या. गाडी दारात उभी आहे. तपासत बसू नका, डोळे मिटून नंबर लावा!" पार्टी कोण, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते कधीच सांगत नाहीत. मी गेलो होतो, आणि डोळे मिटून नंबर लावले होते.

हे मला तिथं म्हणता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी मालकांकडे पाहिलं. ते सूपकडे बघत होते, इतकं लक्ष देऊन की सूपमध्ये काही लिहिलेलं असावं.

"माझीच चूक, मॅडम," मी म्हणालो.

मालकांनी श्वास सोडला आणि सूपचा मोठ्ठा भुरका मारला. त्यांच्याकडे वळून कुणी पाहिलं नाही.

अपेक्षानं पुन्हा बोट वर केलं. मी मान हलवली नाही. ती जेवण संपेपर्यंत एका हातानं जेवली, दुसऱ्या हाताचं बोट वर ठेवून. काही सांडलं नाही, आवाज केला नाही. मी मात्र मासा कापताना सुरी निसटून तो मॅडमच्या ताटात पाठवला. त्यांनी तो काट्यानं उचलून परत दिला. शिक्षेचं त्या काही बोलल्या नाहीत. मालकांना एवढंच म्हणाल्या, "काय करायचं ते तुमच्या माणसानंच सांगितलंय."

केबिनमध्ये आल्यावर मी पोरीला विचारलं, "काय बोलायचं होतं गं तुला?"

"मालकच म्हणाले होते ना फोनवर, डोळे मिटा म्हणून? मी ऐकलं होतं. तेच सांगणार होते. तुम्ही मानच हलवली नाही."

मी रुपालीकडे पाहिलं. मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुमचंच खरं व्हतं," ती पोरीचे बूट काढत म्हणाली. "पोरीला तितं न्यायाला नको व्हतं. बाप कसा गप बसतोय, ते तिनं बघायाला नको व्हतं."

सोमवारी मी राजीनामा खिशात घालून गेलो. अक्षर चांगलं काढलं होतं. मालक मात्र खुशीत होते. "अहो, ऑर्डर आली! मी मॅडमना मेल टाकला, सात नंबरला त्याच दिवशी काढून टाकलं म्हणून. त्यांना आवडलं."

मी खिशातला कागद चाचपला. "मग मी निघू?"

"कुठं निघता? काम कोण करणार? आजपासून तुम्ही एकोणीस नंबर. नवीन भरती."

नवीन भरतीला मॅनेजर करता येत नाही, हे ओघानंच आलं. खुर्ची बिरप्पाला मिळाली. त्याला किनार कशी बघायची ते मीच शिकवलेलं. बिरप्पा मनानं चांगला. दुपारी हळूच म्हणाला, "दादा, बसा की जरा माज्या खुर्चीवर. कुणी बघत न्हाय तवर." मी बसलो नाही. (दुसऱ्या दिवशी बसलो. पाय लई दुखत होते.)

दोन महिन्यांनी मॅडम कारखाना बघायला येणार, असं कळलं. मालकांनी मला बजावलं, "तुम्ही गोडाऊनमध्ये थांबा. त्यांनी ओळखलं तर ऑर्डर गेली." मी गोडाऊनमध्ये टॉवेलांच्या थप्पीमागं थांबलो. मॅडम पहिल्यांदा गोडाऊनमध्येच आल्या. अगदी माझ्यासमोर. भरदिवसा, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात, हातभर अंतरावर.

मालक पांढरे पडले. मी खाली मान घातली.

मॅडमनी थप्पीवरचा एक टॉवेल उचलला, किनार पाहिली, पट्टी पाहिली. "एकोणीस नंबर. तुम्ही का? काम छान आहे. नवीन आहात?"

"हो मॅडम."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. शेजारी बसून जेवलेला, त्यांच्या ताटात मासा पाठवलेला माणूस त्यांना आठवत नव्हता. ऑर्डर वाचली. मला आनंद व्हायला हवा होता.

"इथं आधी एक सात नंबर होता," त्या म्हणाल्या. "माहीत आहे?"

"ऐकून आहे."

"त्याची मुलगी होती, पाचेक वर्षांची. आमच्या त्या हॉलमध्ये इतक्या लोकांना जेवताना बघितलंय मी, पण तिच्याइतकं शहाणं कुणी बघितलं नाही. आता आम्ही तिथला मुलांचा नियमच काढून टाकायचा म्हणतोय."

माझी छाती भरून आली. गप्प बसणं मला चांगलं जमतं, हे एव्हाना तुम्हाला कळलंच आहे, पण त्या एका क्षणी मात्र राहवलं नाही.

"कुणावर गेली असेल, मॅडम?" मी विचारलं.

मॅडमनी थोडा विचार केला आणि टॉवेल परत थप्पीवर ठेवला.

"आईवर असणार," त्या म्हणाल्या. "बाप तर आठवतही नाही."

मालक मोठ्यानं हसले. मीही हसलो. नवीन भरती आहे, हसावं लागतं.