देशपांडे सरांचे निर्बंध

देशपांडे सर कोणाशी भांडत नाहीत. ते निर्बंध लादतात. तारनाक्याच्या आमच्या कॉलनीतला इस्त्रीवाला, केबलवाला, इतकंच काय, सरांचा सख्खा मेहुणा, सगळे यातून गेलेत. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण विषय काही निवृत्त झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाळी आली कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या माजिदभाईची. कारण विचारलं तर सर म्हणाले, "सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे." आणि घरोघर पाठिंबा मागत फिरले.

वरच्या मजल्यावरचे रेड्डीगारू लगेच सामील झाले. त्यांना मधुमेह, बिस्किटं तशीही बंदच. समोरच्या जोशीबाईंच्या नातवंडांना रोज माजिदभाईचाच पाव लागतो, म्हणून बाईंनी तीव्र चिंता व्यक्त केली आणि त्या तटस्थ राहिल्या. माझ्या मुलीला सर घरी बसवून शिकवतात, तेव्हा मला तत्त्वनिष्ठ होणं भागच होतं. उस्मानिया बिस्किटं मात्र रेड्डीगारूंच्या पिशवीतून आमच्याकडे येत राहिली.

सरांना सगळं कळत होतं. "अहो, देशही असेच असतात," ते म्हणायचे. "ज्याचं काही अडत नाही, तो आधी सही करतो. ज्याचं अडतं, तो म्हणतो चर्चा करा. आणि तुमच्यासारखे सही करून मागल्या दाराने माल घेतात. हौ की नै?"

मी मिशीवरचा चुरा पुसला.

एके दिवशी माजिदभाईने मला थांबवलं. "साब, सर को बोलो ना, राजीनामा कर लेंगे."

मी मूळचा साताऱ्याचा. जाऊन सरांना सांगितलं, "माजिदभाई राजीनामा म्हणतोय. बेकरी सोडतोय वाटतं." त्याच्या बोलीत राजीनामा म्हणजे समेट, हे मला कोण सांगणार!

सरांचा चेहरा उतरला. बनियनवरच, एका पायात माझी चप्पल अडकवून ते बेकरीकडे सुटले. मी मागोमाग.

"कायकू जारा रे दुकान छोडके? गुस्सा था मेरेकू, इत्ताच!"

माजिदभाई बघतच राहिला. "मैं किधर जारूं सर? मैं तो सुलह की बात बोला."

सर मटकन बाकावर बसले. म्हणाले, "उस दिन तू बोला, अब अकेले हो, पाव किलो बस है. वो बात लगी रे मेरेकू."

सरांच्या पत्नी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोघांची अर्धा किलो बिस्किटं सर तशीच नेत होते. मला फार वाईट वाटलं.

"गलती हुई सर," माजिदभाई म्हणाला, आणि काही न विचारता त्याने अर्धा किलो बांधून दिली.