नियमित सेवन, दोन-दोन चमचे

जालन्याच्या एमआयडीसीत 'दारोदार एक्स्प्रेस' या पार्सल कंपनीचं गोदाम आहे. तिथे बावीस ड्रायव्हर, एकोणीस पिकअप आणि एक रसायनशास्त्राचा एम.एस्सी. आहे. ड्रायव्हर आणि पिकअप यांची कंपनीला गरज होती. एम.एस्सी.ची गरज मुख्य कार्यालयाच्या एका परिपत्रकाने निर्माण केली. मद्यपान करून वाहन चालवण्यास पूर्ण प्रतिबंध करायचा असल्याने प्रत्येक शाखेत एक सुरक्षा व अनुपालन अधिकारी असावा, आणि तो विज्ञान शाखेचा असावा, असं त्यात म्हटलं होतं.

अशा रीतीने चोवीस वर्षांचा अद्वैत कामाला लागला. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क चालतो. कंपनीने मर्यादा शून्य ठेवली. अद्वैतने मुख्य कार्यालयाला पत्र लिहून विचारलं, "शून्य किती दशांश स्थळांपर्यंत?" उत्तर आलं, "शून्य म्हणजे शून्य." हे उत्तर अशास्त्रीय वाटल्याने त्याने स्वतःच्या अधिकारात तीन दशांश स्थळं मंजूर केली. मग त्याने चौदा पानांची कार्यपद्धती लिहिली. तिच्यातलं कलम सात-ग त्याला विशेष आवडायचं: 'एकदा मद्यार्क दर्शवणारा नमुना आल्यावर त्याच दिवशी दुसरा नमुना घेणे ही पुराव्याशी छेडछाड समजावी.' बडीशेप चघळून, गुळण्या करून पुन्हा फुंकायला येणाऱ्यांची त्याने कायमची सोय लावली होती.

श्वास तपासायचं यंत्र आलं. ड्रायव्हरांनी त्याचं नाव फुंकणी ठेवलं. रोज सकाळी सात वाजता बावीस जण रांगेने फुंकत आणि अद्वैत बावीस शून्यं लिहून घेई.

एका मंगळवारी शून्यांची रांग मोडली. भुजंग फुंकला आणि यंत्रावर आकडा उमटला: ०.०४२ टक्के, म्हणजे कायद्याच्या हिशेबात बेचाळीस मिलिग्रॅम.

भुजंग नऊ वर्षं घनसावंगीच्या लाइनवर होता. अपघात शून्य, तक्रार शून्य. त्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा त्याच्या गाडीमागे धावायची सोडून शेपटी हलवत.

"भुजंगराव, हे काय?" अद्वैत म्हणाला.

"मलाच काय विचारता साहेब? फुंकणी तुमची हाय."

"सकाळी काय घेतलंत?"

"भाकर खाल्ली. अन् आत्ता गेटवर दोन चमचे कुमारीआसव घेतलं. पोट साफ होईना. घाईत घरी घ्यायचं राहिलं म्हणून मालकिणीनं बाटलीच संगं देली." त्याने डब्याच्या पिशवीतून बाटली काढली.

अद्वैतने लेबल वाचलं. 'स्वयंनिर्मित मद्यार्क पाच ते दहा टक्के.' त्याचा चेहरा उजळला. "अहो, हा तोंडातला मद्यार्क आहे, रक्तातला नाही! पंधरा मिनिटांत उडून जाईल. काय सुंदर उदाहरण आहे!"

"मंग पंधरा मिनटांनी फुंकतो."

"नाही जमणार. कलम सात-ग."

"ते कोणी लिव्हलं?"

"मी."

"मंग खोडा की."

"खोडायचं असेल तर कलम अकरा. मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. नव्वद दिवस."

"अन् ते कोणी लिव्हलं?"

अद्वैत यंत्राची नळी पुसू लागला.

पण तो विज्ञानाचा विद्यार्थी होता, आणि निर्दोष माणसाची भाकर जाऊ देणार नव्हता. केबिनचं दार लावून त्याने स्वतः दोन चमचे कुमारीआसव घेतलं आणि फुंकला. ०.०४६. मग दर मिनिटाला फुंकत राहिला. पंधराव्या मिनिटाला आकडा आला: शून्य. त्याने दर मिनिटाचा सुरेख आलेख काढला. भुजंगची नोकरी वाचवायला यापेक्षा जास्त काही लागणार नव्हतं.

गुरुवारी चौकशी समिती बसली. शाखाप्रमुख भालचंद्र साहेब अध्यक्ष, मनुष्यबळ विभागाच्या वंदना मॅडम सदस्य, अद्वैत सचिव. त्याने सुरुवातीलाच आलेख टेबलावर ठेवला. वंदना मॅडमनी चष्मा लावून पाहिलं.

"म्हणजे मंगळवारी सात चाळीसला, कार्यालयीन वेळेत, दार लावून, तुम्ही घेतली?"

"प्रयोग होता मॅडम."

"पहिल्यांदा सगळे प्रयोगच म्हणतात. जोडायचा का हा कागद प्रकरणाला? तुमच्या सहीने?"

भुजंग अद्वैतकडे बघत होता. अद्वैत आलेखाकडे बघत होता. त्याचा परिवीक्षा कालावधी संपायला सोळा दिवस राहिले होते. "नको," तो म्हणाला. "एकच नमुना आहे. संख्याशास्त्रीयदृष्ट्या अपुरा." आणि आलेखाची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली.

मग छापील प्रश्नावली निघाली. ती अद्वैतनेच तयार केली होती. 'दारू' हा शब्द त्याला कार्यालयीन वाटला नव्हता, 'मद्य' ड्रायव्हरांना कळणार नव्हतं. म्हणून त्याने नामच गाळलं होतं. महाराष्ट्रात ते न लिहिता कळतं.

"आपण घेता का?" मॅडमनी वाचलं.

"घेतो की."

"कधीपासून?"

"दिवाळीधरून. फराळानं पोट बिघडल्तं."

"किती?"

"सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन."

"नुसतं घेता की कशासोबत?"

"कोमट पाण्यासोबत."

मॅडमनी 'पाण्यासोबत' असं लिहून खाली रेघ मारली. "घरी माहीत आहे?"

"मालकीणच ओतून देती. न्हाई घेतलं तर रागावती."

भालचंद्र साहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या घरी नेमकं उलट होतं.

"सोडायचा प्रयत्न केला होता?"

"दोन दिवस सोडून बघितलं. बिलकुल चैन पडंना. पुन्हा धरलं."

"मॅडम," अद्वैतला राहवलं नाही, "ते औषधाबद्दल बोलतायत."

"प्रश्नावलीत 'काय' असा रकाना दाखवा, मी लगेच भरते."

असा रकाना नव्हता.

निष्कर्ष पाच ओळींचा झाला. 'सदर कर्मचाऱ्याने दीर्घकालीन, नियमित व कौटुंबिक प्रोत्साहनाने होणाऱ्या सेवनाची प्रांजळ कबुली दिली आहे. प्रांजळपणाची नोंद घेऊन त्यास सेवेतून कमी करण्यात येत आहे.' त्याचं नाव पार्सल कंपन्यांच्या सामायिक यादीतही गेलं. पुढची पाच वर्षं त्याला कोणत्याही कंपनीत स्टिअरिंगला हात लावता येणार नव्हता.

घनसावंगीची लाइन मच्छिंद्रला मिळाली. मच्छिंद्रची सलग एकशे चौऱ्याऐंशी शून्यं होती. अद्वैतला कुतूहल वाटलं. त्याने एकदा विचारलं, "मच्छिंद्र, तुम्ही अजिबात घेत नाही?"

"फुंकायच्या आधी थेंब न्हाई साहेब. आपला उसूल हाय."

"आणि फुंकल्यावर?"

"फुंकल्यावर गाडी काढायची, अंबडच्या अलीकडं जराशी घ्यायची, मंग पुढं जायचं."

"अहो, पण हे नियमाच्या विरुद्ध आहे!"

"दाखवा कुठं हाय ते. 'पाळी सुरू होण्यापूर्वी सेवन करू नये' असं लिव्हलंय. मी वाचून घेतलंय सगळं, चौदाच्या चौदा पानं."

अद्वैतने पान काढलं. तसंच होतं. त्याची कार्यपद्धती मनापासून वाचणारा जिल्ह्यात हा एकच माणूस निघाला होता. अद्वैत धावत भालचंद्र साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अद्वैत, भुजंगला काढल्यापासून आपली शाखा शंभर टक्के शून्यावर आहे. राज्यात पहिला नंबर येतोय. आकड्यांना नजर लावू नका."

नंबर आला. मच्छिंद्रला 'सुरक्षित सारथी' पुरस्कार मिळाला. रविवारी दुपारी अंबड रस्त्यावर, मोसंबीच्या बागेतल्या एका शेतघरी कार्यालयीन मंडळींचा स्नेहमेळावा ठरला. 'शून्य मद्यार्क वर्ष' साजरं करण्यासाठी साहेबांनी दोन खोकी बिअर आणि काही उंची बाटल्या मागवल्या होत्या.

चारच्या सुमारास भुजंग तिथे आला. फंड काढायला त्याला सेवामुक्तीचं पत्र हवं होतं. त्यावर तिघांच्या सह्या लागत होत्या आणि तिघं एकत्र सापडायची ही पहिलीच वेळ होती. साहेबांनी झोकदार सही केली. ती कागदाबाहेर गेली. मॅडमनी मोसंबीचा रस घेतला होता, पण त्यांना चारचाकी येत नव्हती. अद्वैतने तीन तासांत बिअरच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या. सही करताना त्याने मनात वजन, आकारमान आणि वेळ घालून सूत्र सोडवलं. रक्तातला आकडा एकोणऐंशी आला. कायद्याची मर्यादा तीस. सूत्राच्या अचूकतेविषयी त्याला आयुष्यात प्रथमच शंका आली.

"भुजंग, बरं झालं आलास," साहेब खांद्यावर हात टाकत म्हणाले. "ही माझ्या गाडीची किल्ली. आम्हाला जालन्यात सोड. इथं सगळ्यांनी घेतलीये. तूच एक शुद्धीत आहेस."

भुजंगने पत्राची नीट घडी घातली.

"न्हाई साहेब. मी गाडी चालवायच्या लायकीचा न्हाई, असं माझ्याकडं लेखी हाय. तिघांच्या सह्यांचं. तुमच्याकडं कोणाकडं तसं लेखी हाय का?"

कोणाकडेच नव्हतं.

"मंग तुम्हीच चालवा," तो म्हणाला. फाटकाशी काळीपिवळी जीप थांबली होती. तिच्यात तो जाऊन बसला.

गाडी अद्वैतने चालवली. सूत्राप्रमाणे तो उरलेल्यांत सर्वांत कमी होता. जालन्याच्या अलीकडे पोलिसांची तपासणी चालू होती. त्याने काच खाली केली. हवालदाराने आधी नंबरप्लेट पाहिली: पांढरी. मग अद्वैतचा चष्मा पाहिला, मागच्या सीटवर मॅडम पाहिल्या. "जाऊ द्या, फॅमिली हाय," तो म्हणाला, आणि मागच्या पिवळ्या प्लेटच्या जीपला शिट्टी मारली. आरशात अद्वैतला दिसलं: जीपचा ड्रायव्हर खाली उतरून फुंकत होता आणि भुजंग उन्हात, इतर प्रवाशांसोबत, तो सुटायची वाट बघत उभा होता.

वाचकांनी काळजी करू नये. साहेब, मॅडम आणि अद्वैत सुखरूप घरी पोचले. आपणही सगळे दर वेळी सुखरूपच पोचतो. दारू पिऊन गाडी चालवतात ते ड्रायव्हर लोक. आपण फक्त पार्टीहून घरी येतो.