पेटी बसणा नाय

समोरच्या ब्लॉकमधले गावडेकाका नवा माईक हातात आला की आधी टाळी वाजवत. डावीकडे एक, उजवीकडे एक. मग हेडफोन लावून, डोळे मिटून त्याच दोन टाळ्या ऐकत बसत. अंधेरीत आमच्या बिल्डिंगमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना वाटे, काका आरतीची तालीम करताहेत.

काकांना काकूंची पेटी रेकॉर्ड करायची होती. दुपारची आवराआवर झाली की काकू तासभर पेटी वाजवत, आणि फार गोड वाजवत. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास काकांच्या मेव्हण्याने दुबईहून स्टिरिओ टेपरेकॉर्डर आणला. आता फक्त खिशाला परवडेल असा स्टिरिओ माईक हवा होता. मी म्हटलं, "काका, साधा माईक लावा ना!"

"मेल्या, देवान दोन कान कित्याक दिल्यान?" काका उसळले. "भात्याचो वारो डाव्या कानात येवक होयो, सूर उजव्या कानात. तेव्हा पेटी बसतली!"

या बसण्यापायी चार वर्षं गेली. लॅमिंग्टन रोडच्या ओळखीच्या दुकानातून काका पसंतीवर माईक आणत. रविवारी परीक्षा, सोमवारी परत. परीक्षेच्या वेळी पंखा बंद, कुकर बंद, आम्ही शेजारी घामाघूम होऊन चिडीचूप. एका माईकने खालच्या गिरणीची घरघर तेवढी इमानाने उचलली. दुसऱ्यात वर्सोव्याची मासेवाली बोंबील पुकारत जिन्यावरून गेली. काका खूश! "आयक, आयक, डावीकडसून उजवीकडे गेली!" आणि पेटी? "सगळा बरा हा, पण पेटी बसणा नाय." कॅसेट मात्र एकच. नापास माईकचा आवाज ठेवायचा कशाला, म्हणून दर वेळी ती पुसली जाई.

एकदा काकूच मला हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्याकडे साधा टेप आहे ना रे? त्याच्यावर घे की एकदा." मी हसलो. म्हणालो, "काकांचा स्टिरिओ येऊ दे, मग ऐटीत घेऊ." अर्ध्या तासाचं काम होतं. ते मी का केलं नाही, याची आजही लाज वाटते.

पाचव्या वर्षी, गणपतीच्या आधी, काकू चार दिवसांच्या तापाने गेल्या. त्याच आठवड्यात नवा माईक आला होता. कॅसेटवर काकांच्या दोन टाळ्या होत्या. पेटीची पाळी रविवारी यायची होती.

तो माईक काकांनी परत केला नाही. महिन्याभराने त्यांनी मला हाक मारली. काकूंची पेटी बाहेर काढलेली होती. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि कॅसेट लावली. डाव्या कानात भात्याचा वारा, सावकाश, येतोय, जातोय. उजव्या कानात काहीच नाही.

मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"माका वाजवूक खंय येता?" काका म्हणाले. "भातो तेवढो हलयलंय. सांग रे, डावो कान तरी बसलो ना?"

"बसला, काका," मी म्हणालो, आणि कॅसेट संपेपर्यंत ऐकत राहिलो.