सुभेदारांची फियाट आणि माझी अर्धी फेरी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गाडी चालवण्यात अख्ख्या साताऱ्यात माझा हात धरणारा माणूस नाही! खंबाटकीचा घाट मी एका हातानं उतरतो. दुसऱ्या हातात भुईमुगाच्या शेंगा असतात. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटलो हा नशिबाचा खेळ, नाहीतर आज कुठल्या कुठं असतो! आईवडिलांनी वीरधवल हे नाव काय उगाच ठेवलं होतं?

अडचण एवढीच होती की माझ्याकडं गाडी नव्हती.

गाडी होती सासऱ्यांकडं. सुभेदार लालासाहेब, फौजेतून रिटायर झालेले, मुक्काम फलटणजवळचं एक गाव. दुधासारखी पांढरीशुभ्र फियाट! सुभेदार सकाळी उठून आधी गाडी पुसायचे, मग स्वतःचं तोंड धुवायचे. चालवायचे मात्र दुसऱ्या गिअरमध्येच. पुढचे गिअर त्यांनी सणासुदीला ठेवले होते बहुतेक.

तर सत्त्याण्णव साल. आमच्या ऑफिसातला मुकुल बातमी घेऊन आला. सांगलीच्या अलीकडं, हमरस्त्याला लागूनच एका माळावर, हौशी मोटारवाल्यांच्या कुठल्याशा क्लबानं चक्क शर्यतीचा ट्रॅक केला होता! रविवारी कुणीही यावं, आपली घरची गाडी आणावी, ट्रॅकवर एक फेरी मारावी. ते घड्याळ लावून वेळ मोजणार.

"वीरू, हीच ती संधी!" मुकुल म्हणाला.

"गाडी?"

"सासरा कशासाठी असतो मग?"

आणि योगायोग बघा. त्याच रविवारी दुपारी सांगलीत माझ्या मेव्हणीचा, प्रियदर्शनीचा साखरपुडा होता. आधीची दोन स्थळं मानपानावरून मोडलेली. हे तिसरं. मुलगा धवल, शिकलेला, सालस, आणि मुख्य म्हणजे पोरीच्या मनात भरलेला. "दाजी, ह्या वेळी काही बिघडू देऊ नका हां," असं ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती. धवलचे वडील नानासो. माणूस भला, पण मानाला भारी हळवा! थोरल्या मुलाच्या साखरपुड्याला व्याह्यांनी त्यांना आणायला रिक्षा पाठवली होती. ते शल्य अजून गेलं नव्हतं. बैठकीत त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आमाला देणंघेणं काय बी नगं. घरापासनं कार्यालयापर्यंत न्यायला गाडी पायजे. मी मानानं बसून येणार, गल्लीनं बघितलं पायजे!"

हे काम थोरल्या जावयाचं. म्हणजे माझं! सुभेदारांनी स्वतःच्या हातानं चावी माझ्या हातात दिली.

"जावईबापू, दोन दिवस आधीच न्या. सर्व्हिसिंग करा, चकाचक करा. पोरीचं भाग्य तुमच्या हातात हाय."

मी चावी खिशात टाकली आणि मनात म्हटलं, सकाळी ट्रॅक, दुपारी नानासो! एका दगडात दोन पक्षी!

मग सुरू झालं सर्व्हिसिंग. मुकुलला रद्दीत मोटारींचं एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. इंग्रजी आमचं दोघांचंही बेताचंच, पण चित्रं स्पष्ट होती. शर्यतीची गाडी हलकी पाहिजे! आम्ही पाने-पक्कड घेऊन बसलो.

"स्टेपनी?"

"वजन! काढ!"

"हॉर्न?"

"ट्रॅकवर म्हशी आडव्या येत नाहीत. काढ!"

"मागं बघायचा आरसा?"

"मागं कोण आहे ते बघून काय करायचंय? काढ!"

मग एअर फिल्टरचा डबा काढला. मासिकातल्या गाडीला तो नव्हता. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला पाहिजे, असं मुकुलचं शास्त्र. कार्बोरेटर उघड्या तोंडानं आमच्याकडं बघत बसला. सायलेन्सरचं शेपूट सोडवलं. शेवटी ड्रायव्हरची सोडून बाकी सगळ्या सीटा काढल्या. तिथं मात्र मी चरकलो.

"अरे, नानासो कशावर बसतील?"

"सीटा मी सांगलीला आणतो की! ट्रॅक झाला की पुन्हा ठोकू."

"म्हणजे गाडीतून..."

"मी गाडीत कशाला? मी पण वजनच! मी एसटीनं येतो, सीटा टपावर टाकून."

इतका थोर विचार करणारा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं मला त्या क्षणी वाटलं. दारांवर काळ्या चिकटपट्टीनं सातचा आकडा डकवला आणि आम्ही लांब उभं राहून गाडीकडं बघितलं. वाघीण दिसत होती, वाघीण!

रविवारी सकाळी मी एकटाच निघालो. गाडी अशी काही गरजत होती की कराडात लोक दुकानातून बाहेर येऊन आभाळाकडं बघत होते. माळावर पोचलो. मुंबई-पुण्याच्या गाड्या रांगेत, डोळ्यांना काळे चष्मे लावलेली माणसं. मी ऑफिसच्या शिपायाचं स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि ऐटीत उभा राहिलो. अजून सगळं झकास चाललं होतं.

तेवढ्यात हलगी ऐकू आली.

आता, ट्रॅकचं मी फक्त बायकोला सांगितलं होतं. शपथ घालून! तिनं फक्त तिच्या जोतिबामामाला सांगितलं, तेही शपथ घालून. आणि जोतिबामामा म्हणजे बैलगाडी शर्यतीतला पुराणपुरुष! घरची बैलजोडी, दावणीला मानाच्या ढाली. साखरपुड्याला निघालेला पाहुण्यांचा टेम्पो त्यानं सांगलीच्या रस्त्यावरून सरळ माळावर वळवला. "जावई शर्यतीला उभा हाय आन् आपुन गप पुढं जायाचं? असं कवा झालंय व्हय?"

टेम्पो थांबला. शालू नेसलेल्या बायका उतरल्या, फेटे बांधलेले पुरुष उतरले, हलगीवाले उतरले, गुलालाचं पोतं उतरलं. आणि ड्रायव्हरच्या शेजारून सुभेदार उतरले. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

सुभेदार गाडीभोवती एक चक्कर मारून आले. सातचा आकडा बघितला. दार उघडून आत बघितलं. सुभेदार चिडले की हिंदीत जातात.

"ये क्या है?"

मी हेल्मेटची काच खाली ओढली.

"किसके हुकूम से?"

इतक्यात प्रियदर्शनी पुढं आली. हातभर हिरव्या बांगड्या, केसांत गजरा. तिनं रिकाम्या गाडीत वाकून बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "दाजी, नानासोंना ह्यातून आणणार?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं हो! तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सीटा येतायत!" मी घाईघाईनं म्हणालो. "मुकुल एसटीनं थेट सांगलीला घेऊन येतोय! काही काळजी करू नका!"

आणि तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर एसटी थांबली. तिच्यातून मुकुल उडी मारून उतरला आणि हात हलवत पळत सुटला. "वीरू! थांब, सुरू करू नकोस! खिडकीतून टेम्पो दिसला, हलगी ऐकली, म्हटलं आपण चुकवायचं नाही!"

"सीटा?"

मुकुल थांबला. मागं वळला. धूळ उडवत एसटी निघाली होती. टपावर सुभेदारांची मागची सीट ऐसपैस पसरली होती, आणि मागच्या पाटीवर लिहिलं होतं, सातारा-जत.

"सांगलीला उतरायचं होतं नाही का?" मुकुल म्हणाला.

टेम्पो वळवून एसटीमागं पळायचं की काय, यावर चर्चा सुरू झाली, तोच क्लबाच्या माणसानं पुकारा केला, "नंबर सात!" मी म्हणालो, जाऊ दे, फेरी नको. पण जोतिबामामानं माझा दंड धरला.

"पाव्हणं, खोंड एकदा चाकोरीत उभा केला की माघारी न्यायचा न्हाई! आपल्यात रीत न्हाई ती! फेरी मारा, मग बघू सीटांचं."

क्लबाच्या माणसानं तपासायला बॉनेट उघडलं. जोतिबामामा पुढं वाकला. शर्यतीआधी बैलाच्या कपाळाला गुलाल लावायचा, ही त्याची आयुष्याची सवय. "गाडीचं कपाळ हेच म्हणायचं न्हवं?" असं म्हणत त्यानं कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर ओंजळभर गुलाल ठेवला!

"आवं मामा! गुलाल जिंकल्यावर!" मी ओरडलो.

"जितल्यावर पोतं हाय की. ही नुसती टिकली!"

नारळ फुटला, बॉनेट आपटलं, हलगी कडाडली, निशाण पडलं. मी पाय दाबला. गाडी बाणासारखी सुटली! खरं सांगतो, पहिलं वळण मी असं घेतलं की काळे चष्मे उतरले. आणि दुसऱ्या वळणावर फियाट शिंकली.

एकदा शिंकली. दोनदा शिंकली. मोकळा श्वास घेतला होता ना तिनं! मग मागून गुलाबी धूर निघाला. तो वाऱ्यानं फिरून काढलेल्या सीटांच्या जागी येऊन बसला. मी खोकलो, गाडी खोकली, आणि ट्रॅकच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन दोघंही गप्प झालो.

क्लबाचा माणूस लाल निशाण घेऊन धावत होता. पण त्याच्या आधी आमचा टेम्पो ट्रॅकवर घुसला! पुढं हलगी, मागं शालू. दोर बांधला आणि उरलेली अर्धी फेरी टेम्पोनं ओढून पुरी केली. फळ्यावर वेळ लिहिली गेली ती टेम्पोची. काळे चष्मे टाळ्या वाजवत होते. सुभेदार टेम्पोत पुढं ताठ बसले होते. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यांनी. जतला माणूस पाठवायला आता वेळच उरला नव्हता.

तसंच दोर बांधून सांगलीत नानासोंच्या दारात पोचलो. दोर सोडून टेम्पो बाकीच्या पाहुण्यांना घेऊन कार्यालयाकडं गेला. मागं राहिलो सुभेदार, जोतिबामामा, मुकुल, हलगीवाले आणि मी. आणि एक गुलाबी फियाट.

गल्लीतली सगळी माणसं पायऱ्यांवर उभी. नानासो बाहेर आले. भरजरी फेटा, काळा कोट, पायांत करकरणारा कोल्हापुरी जोडा. मागचं दार उघडलं. आत नुसता पत्रा. दार लावलं. पुढचं उघडलं. तिथंही पत्रा. तेही लावलं.

"सुभेदार, बसायचं कुटं?"

एकाहत्तरच्या लढाईत ज्यांनी मान खाली घातली नाही, ते सुभेदार माझ्या देखत जमिनीकडं बघत उभे राहिले. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझ्या हौसेपायी ह्या माणसाची मान खाली गेली होती. आणि पोरगी तिकडं कार्यालयात वाट बघत बसली होती.

मला काय सुचलं देव जाणे. मी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि कमरेत वाकलो.

"नानासो, इथं बसा. गाडीतली एकुलती एक सीट. ती आज तुमची."

"आवं पण मला गाडी चालवता येत न्हाई!"

"गाडीलाही येत नाही, नानासो. बंद पडलीय! तुम्ही नुसतं चाक धरा. ढकलायला मी आहे."

नानासोंनी माझ्याकडं बघितलं. गल्लीकडं बघितलं. मग फेटा सांभाळत आत बसले. मी मागं खांदा लावला. हलगी वाजायला लागली.

पहिल्यांदा नानासो चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते. चौक आला तसा एक हात सुटला. मग तो हात खिडकीबाहेर आला आणि नमस्कार घेऊ लागला. लोक गच्चीवर आले, पोराबाळांना उचलून दाखवू लागले. कार्यालय उजवीकडं होतं. नानासोंनी चाक डावीकडं वळवलं!

"नानासो, कार्यालय इकडं!" मी मागून कसाबसा ओरडलो.

"म्हाईत हाय! पेठेतनं जाऊ!"

अख्खी पेठ! माझा शर्ट गुलाबी, तोंड गुलाबी, पायांत गोळे. माझ्या शेजारी मुकुलनं खांदा लावला होता, पण तो नुसता लावलेलाच होता.

शेवटी कार्यालय आलं. दारात प्रियदर्शनी पदर मुठीत धरून उभी. नानासो उतरले, कोट झटकला आणि सुभेदारांसमोर जाऊन उभे राहिले.

"सुभेदार, गाड्या काय, समदेच पाठवतात. पण थोरल्या जावयानं अंगानं ढकलत आणलं, असा मान सांगलीत आजवर कुणाला गावला न्हाई!"

प्रियदर्शनी हसली. रडत रडत हसली. साखरपुडा झाला, पेढे वाटले, मी एका खांबाला टेकून पाय चोळत बसलो. सुभेदार अजून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. बरोबरच होतं. मी पण माझ्याशी बोलत नव्हतो.

एवढ्यात नानासोंनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "सुभेदार, आता लग्नात एकच अट. नवरदेव त्याच गाडीत, त्याच सीटवर. इंजान चालू करायचं न्हाई. आन् ढकलायला हेच पाव्हणं!"

"दिला शब्द!" सुभेदार कडाडले.

मला कुणी विचारलंच नाही. लग्न साताऱ्यात करायचं ठरलं, मुहूर्त धरला वैशाखातला, भर दुपारचा. त्याचंही मी काही मनाला लावून घेतलं नसतं. पण साताऱ्यात कार्यालयं काय थोडी आहेत? सुभेदारांनी पाच-सहा बघितली, सगळी नापसंत केली आणि पसंत केलं ते नेमकं अजिंक्यताऱ्याच्या चढावरचं!