पिवळी रेघ

वाघमारे सर सोमवार ते शनिवार अळणी जेवतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल असं कुणालाही वाटेल, पण सरांना रक्तदाब नाही. सरांना ठिणगी आहे.

नांदेडला आमच्या भौतिकशास्त्र विभागात सर हवेत पडणाऱ्या विजेच्या ठिणगीचा अभ्यास करतात आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करते. तांब्याची दोन टोकं समोरासमोर ठेवायची आणि विजेचा झटका द्यायचा. ठिणगी पडते आणि पापणी हलायच्या आत विझते. तिचा उजेड स्पेक्ट्रोमीटरमध्ये घेतला की तो रंगीत रेघांत फुटतो. त्यावरून ठिणगीत काय काय होतं ते कळतं. हवेतल्या नायट्रोजनच्या रेघा जांभळ्या, तांब्याच्या हिरव्या. पण टोकांना मिठाचा हात लागला असेल, तर शेजारी एक पिवळीधमक रेघ उभी राहते.

ती सरांची वैरीण. "उजेड खोटं बोलत न्हाई, पोरी. कोण काय खाऊन आलं, समदं सांगतो." म्हणून दारातच हात पुढे करायचे. सर बोटं बघतात, वासही घेतात. एकदा विभागप्रमुख पोहे खाऊन ठिणगी बघायला आले. सरांनी त्यांच्या हातात साबण दिला.

"अहो वाघमारे, मी हात खिशात ठेवतो ना!"

"ठिवा की. पन धुऊन ठिवा."

पहिल्या वर्षी मला सरांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यातून मी मुळातच कमी बोलणारी. सरांना तेच पसंत पडलं. "ही बरी हाय. इथं खात न्हाई, बोलत न्हाई." मी डबा खाली कॅन्टीनमध्ये खाते आणि कोपरापर्यंत हात धुऊन वर येते, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

मीठ फक्त रविवारी. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, लातूर जिल्ह्यात मुरुडजवळच्या एका शाळेत शिकवतात. शनिवारी दुपारी सर लातूरची बस धरतात आणि सोमवारी परत येऊन मला जेवणाचं वर्णन ऐकवतात. "येसराची आमटी, वर चिमूटभर कच्चं मीठ. लई ग्वाड लागतं." मग पुन्हा अळणी डबा.

काकूंची बदली नांदेडला व्हावी म्हणून दोघं कधीपासून वाट पाहताहेत. यंदा होणारच, असं सर धरून चालले होते. त्यांनी मोठी खोली घेतली, कुकर आणला. "तुमच्याकडं डाळीला किती शिट्ट्या करत्यात?" असं मला गंभीरपणे विचारलं. मी तीन म्हटलं. ते त्यांनी प्रयोगशाळेच्या फळ्यावर, आकडेमोडीच्या शेजारी लिहून ठेवलं.

गेल्या आठवड्यात आम्ही टोकं जुळवायला घेतली, तेवढ्यात फोन आला. सर सगळ्यांचे फोन "जय भीम" म्हणून घेतात, काकूंचा नुसतं "बोल" म्हणून.

"बोल... हाव... यंदाबी न्हाई?... बरं... व्हईल की पुढल्या साली. तू रडून राहिली का? आधी जेवून घे."

फोन खिशात ठेवून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चष्मा वर सरकवला, बोटांनी डोळे पुसले. मग "चला" म्हणाले आणि त्याच बोटांनी टोकं जुळवली.

पडदे ओढले. ठिणगी पडली. संगणकावर जांभळ्या रेघा आल्या, हिरव्या आल्या आणि शेजारी पिवळी. इतकी ठसठशीत मी कधी पाहिली नव्हती.

सर तिच्याकडे बघत राहिले. कुणाचे हात बघायचे, ते त्यांना सुचत नव्हतं.

"मी चिवडा खाल्ला, सर," मी म्हटलं.

"तू?"

"हो."

"कसा व्हता?"

"जरा खारट होता."

"खारटच असतो त्यो," ते हळूच म्हणाले. "जा, हात धुऊन ये."

त्यांनी दिवा लावला. मी उठले, पण बेसिनशी सर माझ्याआधी पोचले होते. नळ सोडून ते बराच वेळ नुसतं तोंडच धूत राहिले. मी साबण घेऊन मागे उभी राहिले.