मुंग्यांचा खडू आणि बाळाजीरावांची हनुवटी

दाढी कशी करावी हे जगात दोनच माणसांना कळतं, असं बाळाजीराव सांगत. एक ते स्वतः. दुसरा त्यांना अजून भेटायचा होता!

उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला माणूस. त्यामुळे काठे गल्लीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये साधं बूड टेकायचं म्हटलं तरी त्यामागे काहीतरी शास्त्र असे. त्यातून पुण्याच्या आल्हादने, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांनी, वाढदिवसाला एक पांढरी कांडी पाठवली. स्टिप्टिक पेन्सिल तिचं नाव. वस्तुतः तुरटीच ती. पण हल्ली तुरटीला तुरटी म्हटलं तर तिला भाव येत नाही. दाढी करताना कापलं, की कांडी ओली करून जखमेवर टेकवायची, रक्त थांबतं. आल्हादने स्वतः मात्र छातीपर्यंत दाढी वाढवलेली. म्हणजे ज्याच्या घरी चूल नाही त्याने पोळपाट-लाटणं भेट द्यावं, तसला प्रकार.

पहिल्याच दिवशी बाळाजीरावांनी ती हनुवटीला टेकवली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "झोंबतंय म्हणजे अस्सल आहे," असं त्यांनी डोळे पुसत मालिनीबाईंना समजावलं. मग कांडी कशी ठेवावी यावर प्रवचन झालं. वापरल्यावर पुसायची, खडखडीत वाळवायची, मगच झाकणाच्या नळीत घालायची. ओलसर राहिली तर भुगा होतो. न्हाणीघरात तर सदा ओल. तेव्हा वाळवायची जागा ठरली स्वयंपाकघराची खिडकी. तिथे ऊन येतं.

तिथे मुंग्यांचा खडूही असतो, हे मालिनीबाईंनी त्याच वेळी सांगितलं होतं. तोही पांढरा, तोही झिजून तेवढाच झालेला. दोन पांढऱ्या वस्तू शेजारी ठेवू नका, असं त्या म्हणाल्या. त्यावर बाळाजीराव असे हसले, की नववीतल्या ढ मुलाला सुद्धा ते हसणं लागलं असतं. बायकांना निरीक्षणशक्ती नसते, असंही काहीतरी पुटपुटले. मालिनीबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि विषय सोडून दिला.

पुढच्याच आठवड्यात पेन्सिल नळीत जाईना. पावसाळी हवेने फुगली असणार, असं अनुमान काढून बाळाजीरावांनी ती ब्लेडने तासली आणि बसवली. मग ती झोंबेनाशी झाली. आपली कातडी आता तयार झाली, म्हणून त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. रक्त लवकर थांबेना, हनुवटी लाल होऊन खाजू लागली. तो दोष त्यांनी ब्लेडच्या कंपनीला दिला आणि कंपनीला खरमरीत ईमेल धाडली. दाढीच्या डब्यात मेलेल्या मुंग्या सापडायला लागल्या, तेव्हा तर त्यांना गहिवरूनच आलं. आपल्या स्वच्छतेचा मुंग्यांनाही धाक आहे, असं ते शेजाऱ्यांना सांगत सुटले.

इकडे स्वयंपाकघरात मात्र मुंग्यांनी उच्छाद मांडला. मालिनीबाई साखरेच्या डब्याभोवती खडूने रेघ ओढत आणि मुंग्या ती रेघ ओलांडून पंगतीला जावं तशा डब्याकडे जात. हे बघून बाळाजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खडू घेतला आणि तडक द्वारका चौकातल्या निसारभाईंच्या दुकानी गेले.

निसारभाईंचं किराणा दुकान म्हणजे त्यांचं दुसरं घर. ईदला तिकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला इकडून चिवडा जायचा. निसारभाईंची उजमा दहावीचं विज्ञान बाळाजीरावांच्याच बैठकीत शिकली होती. पण अन्याय तो अन्याय! भर गर्दीत त्यांनी खडू काउंटरवर आपटला आणि माल बोगस आहे असं खणखणीत आवाजात जाहीर केलं. निसारभाई नम्रपणे म्हणाले, की सर, लावताना हात ओला असेल. झालं! विज्ञानाच्या शिक्षकाला हात पुसायला शिकवतो? बाळाजीरावांनी तिथल्या तिथे गुळाच्या ढेपेभोवती रेघ ओढली. सगळी गिऱ्हाइकं वाकून बघत होती. मुंग्या आल्या, रेघेपाशी जरा थबकल्या आणि ओलांडून गुळावर चढल्या.

निसारभाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी मान खाली घालून माफी मागितली. नवा खडू देऊ केला, तो बाळाजीरावांनी नाकारला. यापुढे या दुकानाची पायरी चढणार नाही, असं म्हणून ते उतरले, आणि खरंच चढले नाहीत. दुसऱ्या दुकानातून हळद आणून ओट्यावर पसरू लागले. त्या दुकानातला रवाही त्यांना आवडत नव्हता, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

उजमाचा निकाह ठरला होता. पत्रिका द्यायला निसारभाई स्वतः आले, पण बाळाजीराव वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. लग्नाला जायचं, मुलीला आशीर्वाद द्यायचा, बापाशी बोलायचं नाही, असं त्यांचं ठरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ते गालाला फेस लावून आरशासमोर उभे होते. तेवढ्यात दाराबाहेरून मालिनीबाईंचा आवाज आला. उजमाचा फोन आला होता, पोर हमसून हमसून रडत होती. निकाहाच्या वेळी मुलीपाशी जाऊन तिचा होकार घेऊन येणारा माणूस असतो, त्याला वकील म्हणतात. लहानपणापासून तिने ठरवलेलं, आपला वकील अबरारमामूच. आणि मामू यायला तयार नाहीत!

"का म्हणून?" बाळाजीरावांनी आतून विचारलं.

"तुमच्या खडूमुळे. तो माल अबरारभाईंच्या गोदामातून आलेला. तुम्ही गेलात त्याच दिवशी निसारभाईंनी सगळे खोके मेहुण्याच्या दारात नेऊन टाकले. तुझ्यामुळे सरांसमोर माझी इज्जत गेली म्हणाले. अबरारभाई म्हणाले, मला चोर ठरवणाऱ्याच्या मांडवात मी येणार नाही. आणि पोरगी म्हणते, मामू नाही तर मी होकारच देणार नाही."

होकारच देणार नाही! बाळाजीरावांच्या हातातलं ब्लेड घसरलं आणि हनुवटीवर लालभडक रेघ उमटली.

तरी त्यांचा ताठा उतरला नव्हता. बोगस माल विकल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत त्यांनी पेन्सिल ओली केली आणि दाबून धरली. झोंबलं नाही. रक्त थांबलं नाही. पुन्हा दाबली. रक्त गळ्यावरून बनियनवर आलं. तेवढ्यात आरशाखालच्या फळीवर एक मुंगी आली. पेन्सिलीचा भुगा सांडला होता, त्यावरून चार पावलं गेली, झिंगल्यासारखी फिरली आणि आडवी झाली.

बाळाजीराव मुंगीकडे बघत राहिले. मग पेन्सिलीकडे. मग आरशातल्या त्या सद्गृहस्थाकडे, ज्यांनी सगळ्या द्वारकेसमोर प्रयोग करून दाखवला होता.

"मालिनी," ते क्षीण आवाजात म्हणाले, "आपला मुंग्यांचा खडू कुठे होता गं?"

"खिडकीत," मालिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या पेन्सिलीशेजारी."

इतके दिवस माणूस रोज सकाळी हनुवटीला मुंग्यांचं विष चोपडत होता! साबणाने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी साबणानेच धुवा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवता ठेवता ते हसले, तेही बाळाजीरावांनी मनात नोंदवून ठेवलं. धुण्याने जखम आणखी उघडली. शेवटी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवले. मालिनीबाई जरीची साडी नेसून तयार होत्या. "आता पहिलं अबरारभाईंकडे," एवढंच त्या म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फाशी देणारा इस्त्रीचा झब्बा घालून जिना उतरत होता.

द्वारकेचा चौक ओलांडायला त्या दिवशी जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्र्यंबकला जाऊन आंघोळ करून आले असते. रिक्षा हलेना. बाळाजीराव सिग्नलवर चिडले, ट्रकवर चिडले, उड्डाणपुलावर चिडले. मालिनीबाईंवर चिडायची मात्र छाती झाली नाही.

अबरारभाईंच्या गोदामाचं शटर अर्धं खाली होतं. आत ते एकटेच बसले होते, अंगात कडक शेरवानी, पायांत घरातल्या चपला. बाळाजीरावांना बघताच ते उठून उभे राहिले. "आता काय राहिलं, सर? ही घ्या तुमची वस्तू." खणातून त्यांनी ती झिजलेली कांडी काढून टेबलावर टाकली. निसारभाईंनी पुरावा म्हणून ती खोक्यांबरोबर आणून टाकली होती.

बाळाजीरावांच्या मनात भाषण तयार होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांनी टेबलावरच्या बाटलीतल्या पाण्यात कांडी बुडवली, हनुवटीवरचे कपटे ओरबाडून काढले आणि कांडी जखमेवर दाबली.

"आई गं!" डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. रक्त जागच्या जागी थांबलं.

"ही माझी तुरटी आहे, अबरारभाई," ते नाक ओढत म्हणाले. "तुमचा खडू अव्वल आहे. तो मी दाढीला वापरत होतो."

अबरारभाई हनुवटीकडे बघत राहिले. हसतील असं बाळाजीरावांना वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चपला काढून मोजडी घातली आणि सरांचं मनगट असं पकडलं, की पोलीस सुद्धा पाकीटमाराचं पकडत नाहीत. "चला," ते म्हणाले. "हे निसारभाईंना तुमच्या तोंडून ऐकू दे."

वडाळा रोडच्या हॉलमध्ये काझीसाहेब घड्याळ बघत होते, नवरदेव घामाघूम झाला होता, आणि निसारभाई दाराशी उभे होते, पोरीचा बाप भर मांडवात दिसू नये तसे दिसत. मेहुण्याला बघून ते दोन पावलं पुढे आले. बाळाजीरावांनी तिथेच दारात सगळं सांगून टाकलं, खिडकीपासून मुंगीपर्यंत. निसारभाईंनी अबरारभाईंना मिठी मारली. दोघंही रडले. मग अबरारभाई आत उजमाकडे गेले, होकार घेऊन आले, आणि निकाह लागला.

आता आपल्यालाही मिठी मिळेल म्हणून बाळाजीराव पुढे सरकले. निसारभाईंनी त्यांना मिठी दिली नाही, माइक दिला.

"सर, दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांसमोर बोलला होतात," ते शांतपणे म्हणाले. "ती सगळी गिऱ्हाइकं आज जेवायला आली आहेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बाळाजीराव बोलले. कांडी तासल्याचं सांगितलं तेव्हा पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. मुंग्यांना धाक असल्याचं आलं तेव्हा पडद्यापलीकडे बायका हसू लागल्या आणि त्यात मालिनीबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. भाषण संपलं तेव्हा कुठे निसारभाईंनी त्यांना कवटाळलं, शेजारी बसवलं आणि त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळं केलेलं शाकाहारी जेवण स्वतःच्या हाताने वाढलं.

निघताना उजमा पाया पडली. अबरारभाईंनी रिक्षात एक जड खोकं ठेवलं. बाळाजीरावांना वाटलं मिठाई. उघडून बघितलं, तर परत आलेला मुंग्यांचा खडू.

"हा न्हाणीघरात ठेवायचा नाही," मालिनीबाई म्हणाल्या. "आणि माझ्या खिडकीत तर मुळीच नाही."

बाळाजीराव खोकं मांडीवर घेऊन बसले. काठे गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी मनातल्या मनात सगळं तपासून पाहिलं. निसारभाई निर्दोष, अबरारभाई निर्दोष, ब्लेडची कंपनी निर्दोष, मुंग्या तर साफ निर्दोष. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी फोन काढला आणि आल्हादला लावला.

"अरे गाढवा," ते कडाडले, "पेन्सिल म्हणून पाठवतोस आणि पांढरी पाठवतोस? काळी मिळत नव्हती?"